भांडी बाजारातून गडूवर घालून आणलेलं नाव: गोदा

भाचीच्या बारशाला आत्या म्हणून पितळी गडू आणि फुलपात्र द्यायचं मी ठरवलं होतं, आणि त्यावर तिचं नाव हवं होतं. नाशिकच्या भांडी बाजारातल्या ज्या दुकानात ते घालून घेतलं, त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते आहे, कारण बारशापासून नातेवाईक एकसारखे पत्ता विचारत आहेत. मालकांनी मात्र विनंती केली, 'ताई, दुकानाचं नाव कुठे छापू नका, आहे तेच काम हातून उरकत नाही.' म्हणून नाव देत नाही. सापडायला अवघड नाही. सराफ बाजाराच्या बाजूनं भांडी बाजारात शिरा आणि जिथे छिन्नीचे बारीक, सारखे ठोके ऐकू येतील तिथे थांबा. बाकी दुकानांत नाव टाकायचं विजेचं मशीन असतं, त्याची घरघर वेगळी. छिन्नीनं ठिपक्या-ठिपक्यांत नाव घालणारा माणूस मला तरी आता या एकाच दुकानात दिसतो.

आधी व्यवहाराचं. पितळ वजनावर मिळतं, काटा गिऱ्हाइकासमोर असतो आणि भाव विचारण्याआधीच सांगतात. दुकानातून घेतलेल्या भांड्यावर नाव फुकट घालून देतात. आपलं जुनं भांडं नेलं तर अक्षराला दहा रुपये. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजत नाहीत, जोडाक्षर एकच धरतात. मी नवा गडू घेतला आणि सोबत पणजीचा जुना पितळी डबा नेला होता, कल्हईसाठी आणि त्यावरचं अक्षर दाखवायला. कल्हई ते स्वतः करत नाहीत, ओळखीच्या माणसाकडून करून आणतात. डबा आतून आरशासारखा होऊन आला.

नाव घालणाऱ्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला फार आवडला. 'नाव पक्कं झालंय का? की अजून घरात चर्चा चालू आहे?' बारशाच्या आधी घाईनं नाव घालून नेतात आणि मग आजोबांना पसंत नाही म्हणून भांडं बदलायला आणतात, असं त्यांनी बऱ्याचदा पाहिलंय. पितळेवरचं नाव खोडता येत नाही. घासून काढायला गेलं तर पत्रा पातळ होतो.

आमच्याकडे चर्चा खरोखरच झाली होती. मुलगी शततारका नक्षत्राच्या पहिल्या चरणात जन्मली. गुरुजींनी अक्षर काढून दिलं, 'गो'. वहिनीच्या माहेरच्यांना 'सा' किंवा 'सी' आलं असतं तर बरं वाटलं असतं, तीही शततारकेचीच अक्षरं, पण पुढच्या चरणांची. 'गो'वरून मुलीचं नाव शोधायला बसलं की गोमती, गोपिका आणि गोदावरी, एवढ्यावर गाडी थांबते. भावानं मोबाइलवर यादीमागून याद्या पाहिल्या. मी म्हटलं, यादी कशाला पाहिजे, आपल्या घरात नाव आहे. आणि डबा काढून समोर ठेवला.

त्या डब्यावर लिहिलंय: 'चि. सौ. कां. गोदावरी, शके १८४६'. म्हणजे १९२४ सालचं लग्न. पणजीचं माहेर निफाड तालुक्यातलं चांदोरी, घरामागे गोदावरीचं पात्र. तिथल्या मुलीचं नाव गोदावरी असण्यात विशेष काही नव्हतं. इतकं नव्हतं, की सासरी येवल्याला आली तेव्हा सासूचंही नाव गोदावरीच निघालं. सुनेला सासूच्या नावानं हाक मारायची कशी? म्हणून लग्नातच हिचं नाव बदललं आणि ती लक्ष्मी झाली. सातबाऱ्यावर लक्ष्मीबाई, मुलांच्या शाळेत आईचं नाव लक्ष्मीबाई, मृत्यूची नोंद लक्ष्मीबाई. माहेरचे कागद १९६९ च्या महापुरात गेले. तिचं जन्माचं नाव लिहिलेली वस्तू उरली ती हा डबा, कारण तो माहेरचा आहेर होता आणि माहेरच्यांनी आपल्या मुलीचं आपण ठेवलेलं नाव त्यावर घातलं होतं.

मामांनी डबा हातात घेतला, खिडकीकडे तिरका धरला आणि अक्षरावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, 'हा हात इथलाच वाटतो. शिरोरेषेचे ठिपके जवळजवळ आणि खालचे विरळ, असं आमच्याकडची जुनी माणसं करायची.' हे खरं की गिऱ्हाइकाचं मन राखायला म्हटलेलं, ते मला सांगता येणार नाही. पण नवा गडू त्यांनी तसाच केला. कंपासनं गडूच्या पोटावर दोन बारीक रेघा ओढल्या, त्यांच्यामध्ये पेन्सिलीनं 'गोदा' लिहिलं, मला दाखवलं, होकार घेतला. मग गडू एका वाकड्या जाड लोखंडी दांड्यावर उपडा चढवला, कारण आतून आधार नसेल तर ठोक्यानं पोचा पडतो. छिन्नी बोथट टोकाची. एका ठिपक्याला एकच ठोका. 'द'च्या गाठीपाशी आले तेव्हा त्यांनी छिन्नी बदलली, अगदी बारीक टोकाची घेतली आणि गाठीचे ठिपके एकमेकांत मिसळू न देता वळवले. शेवटी चिंचेच्या कोळानं पुसून दिलं, तेव्हा प्रत्येक ठिपका वेगळा चमकायला लागला. बोट फिरवलं तर अक्षर हाताला कळतं. बाळ मोठं होऊन त्या गडूतून पाणी पिईल तेव्हा तिच्याही बोटांना कळेल, म्हणून मला हेच हवं होतं.

लेझरची गोष्टही सांगते. त्याआधी वहिनीच्या भावानं एका दुकानातून स्टीलची वाटी लेझरनं नाव टाकून आणली होती. दुकान कुठलं ते लिहीत नाही. त्यांनी नाव मोबाइलवर इंग्रजीतून मागवलं आणि संगणकानं त्याचं देवनागरी करून छापलं 'गोडा'. गोडा मसाल्यातला गोडा. वाटी सुबक आहे, अक्षर एकसारखं आहे, आणि नाव चुकलेलं आहे. त्या दुकानानं बदलून द्यायला नकार दिला, कारण 'तुम्हीच असं पाठवलं होतं.' मामा नाव कागदावर देवनागरीत लिहून मागतात आणि आधी स्वतः मोठ्यानं वाचतात. एवढं केलं तरी निम्म्या चुका टळतात.

आता नावाबद्दल. मी एका शाळेच्या कार्यालयात काम करते. जनरल रजिस्टर सांभाळणं, दाखले काढणं हे माझं रोजचं काम आहे. कुणाच्या पणजोबांचा दाखला लागला की जुनी रजिस्टरं उघडावी लागतात, आणि मुलींच्या नावांचा रकाना वाचत गेलं की पिढ्या डोळ्यांसमोरून जातात. अगदी जुन्या पानांवर गोदावरी, भागीरथी, द्वारका, काशी, यमुना. त्यानंतर एकदम फुलं उमलतात: कुसुम, सुमन, मालती, कमल, पुष्पा. मग मंगला, शोभा, उषा, सुरेखा, अलका. माझ्या वर्गात मनीषा, अर्चना, वैशाली आणि स्मिता भरलेल्या होत्या. पुढे पूजा, प्रियांका, स्नेहल. आताच्या पहिलीत स्वरा, अन्वी, आरोही, मायरा, कियारा. फुलांची नावं सुरू झाली तिथे गोदावरी रजिस्टरातून जवळजवळ गेलीच. मामांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, त्यांच्या छिन्नीखालूनही अगदी याच क्रमानं नावं गेली, फक्त लग्नाच्या वयाइतकी उशिरा.

का गेली असेल? माझं मत असं आहे. पूर्वी नातीला आजीचं नाव ठेवायचे. पण वडीलधाऱ्या बाईचं नाव सुनेनं तोंडानं घ्यायचं नाही, म्हणून मुलीला घरात बाळी, बेबी, ताई, माई असंच म्हटलं जायचं आणि खरं नाव भांड्यावर आणि पत्रिकेत उरायचं. पुढे छापील मासिकं आली, सिनेमा आला, मुली शाळेत जायला लागल्या, हजेरीत नाव रोज मोठ्यानं पुकारलं जाऊ लागलं. रोज ऐकायचं नाव म्हटल्यावर आईबापांना ते नवं, हलकं, आपल्या पसंतीचं हवंसं वाटलं. त्यात गोदावरीचं गोदी, गोदू, गोदाबाई झालेलं, आणि ही हाक नऊवारीतल्या म्हाताऱ्या बाईलाच शोभते असा समज पक्का झाला. नावाचा त्यात काहीच दोष नव्हता.

लग्नात नाव बदलण्यानंही ही नावं पुसली. आनंदीबाई जोशी, पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक, माहेरी यमुना होत्या. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये ज्या विधवेशी पुनर्विवाह केला त्या आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, मूळच्या गोदूबाई, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. दोन आनंदीबाई आणि एक रमाबाई, इतिहासात वाचतो ती तिघींची सासरची नावं, आणि तिघींच्या खाली एकेक नदी दडलेली. माझ्या पणजीला कुणी इतिहासात वाचणार नाही, पण तिचंही तेच झालं.

एक गोदावरी मात्र गोदावरीच राहिली. गोदावरी परुळेकर, जन्म १९०७, माझ्या पणजीच्याच पिढीच्या. १९४५ च्या वारली उठावात त्या तलासरी-डहाणूच्या भागात वेठबिगारीविरुद्ध उभ्या राहिल्या. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत आहे, तिला त्यांचं नाव आहे आणि लोक तिला गोदूताईच म्हणतात. म्हातारीचं नाव म्हणून ज्यांनी नाक मुरडलं त्या नातेवाइकांना मी ही गोष्ट सांगितली.

विरोध दुसऱ्या बाजूनंही झाला. एका वयस्कर काकांनी सांगितलं, मुलीला नदीचं नाव ठेवू नये, शास्त्रात नाही. ते म्हणतात ते मनुस्मृतीत आहे खरं. तिसऱ्या अध्यायाच्या नवव्या श्लोकात नक्षत्र, वृक्ष आणि नदी यांची नावं असलेल्या मुलीशी लग्न करू नये, असं सांगितलंय. पण महाराष्ट्रानं ते कधी मनावर घेतलं? गंगा, यमुना, सरस्वती, नर्मदा, कावेरी, कृष्णा, भागीरथी, गोदावरी, घराघरात होत्या आणि सगळ्यांची लग्नं झाली. रोहिणी आणि तुलसी याही त्याच श्लोकात अडकतात. नाशिकमध्ये तर काय बोलावं. रामकुंडापाशी गोदावरीला अरुणा आणि वरुणा मिळतात, तपोवनात कपिला मिळते, नासर्डीला आपण आता नंदिनी म्हणतो. माझ्या ओळखीत अरुणा आहेत, नंदिनी आहेत, त्यांना कुणी कधी काही म्हटलं नाही.

आणि एक. जुना नाशिककर नदीला गोदावरी म्हणतच नाही, गंगा म्हणतो. 'गंगेवर जाऊन आलो', 'गंगेला पूर आलाय'. म्हणून जुन्या घरांत एकीचं नाव गंगूबाई आणि दुसरीचं गोदूबाई असेल तर दोघी एकाच नदीच्या. कथा सर्वांना ठाऊक आहे. गौतम ऋषींनी दर्भाच्या काडीनं गाईला हाकललं, गाय मेली, त्या पापातून सुटण्यासाठी त्यांनी तप करून शंकराकडून गंगा ब्रह्मगिरीवर आणवली. तिच्या पाण्यानं गाय जिवंत झाली, म्हणून गो-दा, गाय देणारी. गौतमीही तीच. कथा कथेच्या जागी, पण सुमारे १४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळणारी ही नदी आमच्या जिल्ह्यात उगम पावते, आणि तिचं नाव आमच्याच मुलींना जड वाटावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वहिनीचं मन वळलं ते वेगळ्याच कारणानं. आमच्या इमारतीत तेलंगणातल्या एक काकू राहतात. बाळाचं नाव काय ठेवताय म्हणून त्यांनी विचारलं, वहिनी जरा संकोचानं 'गोदा' म्हणाली, आणि काकूंनी दोन्ही हात जोडले. त्यांच्याकडे गोदादेवी म्हणजे आंडाळ, तमिळ वैष्णव संत, जिचं तिरुप्पावै मार्गशीर्षाच्या थंडीत पहाटे म्हणतात. तिच्या मूळ तमिळ नावाचा, कोदैचा, अर्थ फुलांची माळ. उगम वेगळा, पण त्या काकूंनी नाव इतक्या प्रेमानं उच्चारलं, की वहिनीला ते पहिल्यांदाच सुंदर वाटलं. त्या संध्याकाळी तिनं स्वतःच बाळाला गोदा म्हणून हाक मारली.

सध्या दोन अक्षरी जुनी नावं परत येताहेत, रमा, राधा, उमा, रेवा, मीरा. त्या रांगेत गोदा छान बसतं. रजिस्टरात मला अजून दुसरी गोदा दिसलेली नाही, पण रेवा आणि शरयू दिसायला लागल्यात, म्हणजे नद्या परतीच्या वाटेवर आहेत. जन्मदाखल्यावर आम्ही 'गोदा' एवढंच लिहिलं. जाता जाता, कामाच्या अनुभवावरून सांगते: जन्माची नोंद झाल्यापासून वर्षाच्या आत नाव घालून घ्या, शुल्क पडत नाही. नंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं, पण मग शाळेत प्रवेशाच्या वेळी पालकांची धावपळ मी दरवर्षी बघते. इंग्रजी स्पेलिंगही तेव्हाच एक ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा.

दुकानाच्या उण्या बाजू आहेत. बसायला जागा नाही, काउंटरपाशी उभंच राहावं लागतं. वयस्कर माणसांना सोबत नेऊ नका. मामा एकटेच आहेत, हाताखाली कुणी नाही. लग्नसराईत सांगितलेल्या दिवशी काम होईलच असं नाही, माझंही एक फेरी जास्त होऊन मिळालं. गडू वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, भेट म्हणून द्यायचं तर खोका आपला आपण न्यावा. पातळ स्टीलवर ते छिन्नी चालवत नाहीत, सरळ नाही म्हणतात, आणि मला वाटतं बरोबर करतात. मालक लकाकीचा थर दिलेलं नवं पितळ जरा आग्रहानं दाखवतात. ते घेऊ नका. थर निघायला लागला की भांडं चट्टेरी दिसतं, आणि त्यावर ठिपके घातले तर थर तिथूनच सुटतो. साधं पितळ मागा, ते आतल्या फळीवर ठेवलेलं असतं.

आहेरात भांडी देणं कमी झालंय, लोक पाकीट देतात, पत्रिकेतच 'कृपया आहेर आणू नये' छापतात. त्यामुळे 'अमुक यांजकडून' घालायचं काम मामांकडे फारसं येत नाही. येतं ते आमच्यासारखं, एकेका नावाचं. मला विचाराल तर हेच काम त्यांच्या हाताला जास्त शोभतं. पैसे किती झाले यापेक्षा, आपल्या घरातल्या बाईचं नाव कुणीतरी इतकं मन लावून लिहितंय, हे उभ्यानं बघणं मला फार मोलाचं वाटलं.

जायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी जा. गाडी गल्लीत नेऊ नका, लांब लावून चालत या. नाव देवनागरीत स्वच्छ लिहून न्या, र्‍हस्व-दीर्घ तपासून. जुन्या भांड्याचं अक्षर आवडत असेल तर भांडंच न्या, फोटोत ठिपक्यांची खोली दिसत नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी असेल त्या दिवशी जाऊ नका, पुराचं पाणी भांडी बाजारापर्यंत येतं आणि दुकानदार माल वर चढवण्यात गुंतलेले असतात. भिंतीवर २०१९ च्या पुराची रेघ आहे, तीही बघून या.

माझं तिथलं पुढचं काम आईच्या परातीचं. तिच्या लग्नात नाव घालायचं राहून गेलं होतं. माहेरचं नाव पुष्पा, सासरीही पुष्पाच राहिलं, तेवढंच घालायचंय. मामा म्हणाले, दिवाळीची गर्दी ओसरली की आणा.